तिसरीच्या वर्गातील निवडणूक

मध्य चीनमधील वूहान या महानगरातील एव्हरग्रीन प्राथमिक शाळा. इयत्ता तिसरी. वर्गाचा मॉनिटर कोण असावा हे शिक्षकांनी ठरवायचे आणि मुलांनी ते निमूटपणे मान्य करायचे, हा तेथील शिरस्ता. एके दिवशी वर्गशिक्षिका जाहीर करतात, की यंदा मॉनिटर मुलांनीच मतदान करून निवडायचा आहे. उमेदवार तिघे. दोन मुलगे आणि एक मुलगी. तिघेही आठ वर्षांचे. ‘लोकशाही म्हणजे काय?’ या प्रश्नावर गोंधळून जाणारी ही मुले पुढच्या काही दिवसांत प्रचार करतात, आश्वासने देतात, प्रतिस्पर्ध्याचे दोष हुडकून काढतात, युती करतात आणि मोडतात, रडतात, भेटवस्तू वाटतात आणि अखेरीस मतदानही करतात.

चिनी दिग्दर्शक वेइजुन चेन यांच्या ‘प्लीज व्होट फॉर मी’ या २००७ सालच्या माहितीपटाची ही कथा. तासाभराच्या आत संपणारा हा चित्रपट अनेक देशांतील शिक्षकांनी दोन विषयांसाठी वापरला आहे. एक लोकशाही, दुसरा चिनी समाज आणि संस्कृती. हे दोन विषय एकाच चित्रपटातून शिकवता येतात, हे त्याचे बलस्थान. मात्र त्यातच एक मोठा धोकाही दडलेला आहे. चित्रपट संपल्यावर विद्यार्थ्यांनी ‘चिनी लोकांना लोकशाही जमायचीच नाही’ असा निष्कर्ष काढला, तर त्यांना लोकशाहीही कळली नाही आणि चीनही कळला नाही, असेच म्हणावे लागेल.

दहा देश, दहा चित्रपट

हा माहितीपट ‘व्हाय डेमॉक्रसी?’ या आंतरराष्ट्रीय मालिकेचा भाग होता. जगाच्या निरनिराळ्या भागांतील दहा दिग्दर्शकांनी लोकशाहीविषयी केलेले दहा चित्रपट ऑक्टोबर २००७ मध्ये चाळीसहून अधिक दूरचित्रवाणी संस्थांनी जगभर दाखवले. ‘देव लोकशाहीवादी आहे काय?’, ‘हुकूमशहा कधी चांगले असतात काय?’, ‘मतदान करण्याची तसदी का घ्यावी?’ असे प्रश्नही या उपक्रमात जाहीरपणे विचारले गेले. अफगाणिस्तानातील अमेरिकी कोठडीत मरण पावलेल्या एका टॅक्सीचालकाच्या निमित्ताने छळाच्या राजकारणाचा शोध घेणारा ॲलेक्स गिब्नी यांचा ‘टॅक्सी टु द डार्क साइड’ याच मालिकेतला. २००८ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचे ऑस्कर मिळाले. जपानमधील एका नगरसेवकपदाच्या उमेदवाराचा प्रचार टिपणारा काझुहिरो सोदा यांचा ‘कॅम्पेन’, पाकिस्तानात मुशर्रफ यांच्याशी जेवणाच्या टेबलावर संवाद साधणारा ‘डिनर विथ द प्रेसिडेंट’ आणि भारतात ललित वाचानी यांनी केलेला ‘इन सर्च ऑफ गांधी’ हेही त्यातच होते.

वेइजुन चेन हे वूहानचे. त्यापूर्वी त्यांनी हनान प्रांतातील एड्सग्रस्त कुटुंबावर ‘टु लिव्ह इज बेटर दॅन टु डाय’ हा विदारक माहितीपट केला होता आणि त्याला अमेरिकेतील पीबडी सन्मान मिळाला होता. कॅमेरा माणसाच्या अगदी जवळ नेऊन ठेवायचा, निवेदन जवळजवळ टाळायचे आणि घडते ते घडू द्यायचे, ही त्यांची रीत. ‘प्लीज व्होट फॉर मी’मध्येही कुणी तज्ज्ञ येऊन लोकशाहीची व्याख्या सांगत नाही. वर्ग, शाळेचे मैदान आणि तीन घरे एवढेच कॅमेऱ्याचे विश्व. वर्गात चर्चेसाठी हा चित्रपट इतका उपयोगी ठरतो, तो या संयमामुळेच. उत्तरे पडद्यावर नाहीत. ती वर्गाने शोधायची आहेत.

तीन उमेदवार, तीन घरे

पहिला उमेदवार म्हणजे मावळता मॉनिटर. दोन वर्षे पद त्याच्याकडेच आहे. शिस्तीसाठी तो मुलांना मारतो, अशी वर्गाची तक्रार आहे. त्याचे आईवडील पोलिस खात्यात आहेत. दुसरा उमेदवार गुबगुबीत, बोलघेवडा आणि डावपेचांत तरबेज. त्याची आई दूरचित्रवाणीवर निर्माती आहे. मॉनिटर झाल्यावर इतरांना हुकूम सोडता येतील, याचे त्याला उघड आकर्षण आहे. तिसरी उमेदवार अबोल, हळव्या स्वभावाची मुलगी. घटस्फोटित आई तिला एकटीने वाढवते आहे. प्रत्येकाला दोन मदतनीस निवडायचे आहेत आणि कलागुणदर्शन, वादविवाद व भाषण अशा तीन फेऱ्यांना सामोरे जायचे आहे.

कलागुणांच्या फेरीतच वर्गाचा ताबा सुटतो. मुलगी पुढे येते, तोच खाली बसलेल्या मुलांचा गलका सुरू होतो. तिच्या दोषांचा पाढा वाचला जातो. हा गलका उत्स्फूर्त नसतो, प्रतिस्पर्ध्याने तो घडवून आणलेला असतो. तिला हुंदका आवरत नाही. तिला रडताना पाहून तिचे मदतनीस आणि मग ओरडणाऱ्यांपैकीही काही मुले रडू लागतात. विरोधकाला हरवणे आणि माणसाला दुखावणे यांतली सीमारेषा त्या मुलांना त्या क्षणी, कुणीही न शिकवता उमगते. संपूर्ण चित्रपटातील हा सर्वांत मोलाचा प्रसंग आहे.

त्यानंतर निवडणूक घराघरांत शिरते. आईवडील भाषणे लिहून देतात, हातवारे शिकवतात, प्रतिस्पर्ध्याच्या चुकांच्या याद्या तयार करून घेतात. एखादी मुलगी जेवायला फार वेळ लावते, हासुद्धा राजकीय आरोप होतो. मावळता मॉनिटर आरंभी पालकांची मदत नाकारतो. मुलांनी आपल्या मनाने मत द्यावे, असे त्याचे म्हणणे असते. मात्र पहिल्या फेरीनंतर त्याचा धीर खचतो आणि आईवडील पुढे सरसावतात. वडिलांच्या ओळखीने साऱ्या वर्गाला शहरातील उन्नत रेल्वेची सफर घडते. शेवटच्या भाषणानंतर तो मुलांना मध्यशरद सणाच्या निमित्ताने भेटी वाटतो. मग मतदान होते आणि तोच मोठ्या फरकाने निवडून येतो. ज्याच्या मारकुटेपणाबद्दल वर्ग तक्रार करत होता, त्यालाच वर्गाने पुन्हा मॉनिटर केले.

येथे चित्रपट संपतो. शिक्षकाचे काम येथून सुरू होते.

चीन कोठे दिसतो?

या छोट्या निवडणुकीत चिनी जीवनाचे अनेक धागे गुंतलेले आहेत. ते उलगडून दाखवले नाहीत, तर परदेशी विद्यार्थ्याला चित्रपट केवळ गमतीदार वाटतो.

पहिला धागा ‘बानझांग’ या पदाचा. मॉनिटर हे त्याचे भाषांतर अपुरे आहे. शिक्षक वर्गात येताच ‘उभे राहा’ अशी आज्ञा देणे, शांतता राखणे, बेशिस्तांची नावे कळवणे ही बानझांगची कामे. तो मुलांचा प्रतिनिधी असतो, त्यापेक्षा अधिक तो शिक्षकांच्या अधिकाराचा विस्तार असतो. लाल रुमाल गळ्यात बांधणाऱ्या बालसंघटनेतही दंडावरील पट्ट्यांच्या संख्येवरून पदाची पायरी कळते. अधिकाराची उतरंड चिनी मूल असे अगदी लहानपणीच ओळखू लागते. त्यामुळे प्रतिनिधी निवडायचा की अधिकारी नेमायचा, हा प्रश्न त्या वर्गात शेवटपर्यंत सुटत नाही.

दुसरा धागा एकुलत्या एका अपत्याचा. १९८० पासून देशभर राबवलेले एक अपत्य धोरण २०१६ च्या आरंभी संपुष्टात आले. चित्रपटातील मुले त्या धोरणाच्या ऐन काळात जन्मलेली. आईवडील आणि दोन्हीकडचे आजीआजोबा अशा सहा मोठ्यांच्या अपेक्षांचा भार एका मुलावर. अशा लाडावलेल्या मुलांना चीनमध्ये ‘छोटे सम्राट’ म्हटले जाई. पालक वर्गाच्या निवडणुकीत इतक्या आवेशाने का उतरतात, याचे उत्तर येथे मिळते. मुलाचा पराभव हा घराचा पराभव असतो. चिनी भाषेत प्रतिष्ठेला ‘मियान्झी’ म्हणजे चेहरा असा शब्द आहे. चारचौघांत तो चेहरा उतरू नये, याची धडपड तिन्ही घरांत दिसते.

तिसरा धागा देण्याघेण्याचा. आठव्या चांद्रमासातील पौर्णिमेला, म्हणजे साधारणतः आपल्या भाद्रपद पौर्णिमेच्या सुमारास, मध्यशरद सण येतो. घरचे सारे एकत्र जमतात, चंद्र पाहतात, ‘मूनकेक’ खातात आणि एकमेकांना पाठवतात. सणाची भेट ही स्नेहाची रीत आहे, तशीच ती ऋणाचीही आहे. घेतलेल्या उपकाराची परतफेड व्हावी, हा ‘रेनछिंग’चा अलिखित नियम. ओळखीपाळखीच्या संबंधांना ‘ग्वानशी’ म्हणतात. मतदानाच्या तोंडावर वाटलेली सणाची भेट नेमकी काय, रीत की लाच? चिनी विद्यार्थी आणि परदेशी विद्यार्थी या प्रश्नाचे उत्तर वेगवेगळे देऊ शकतात आणि दोघांनाही आपली बाजू मांडावी लागते.

आणखी एक बारकावा भाषेतला आहे. चीनमध्ये मतमोजणी करताना पाच मतांचा एक गट करण्यासाठी फळ्यावर पाच रेघांचे एक चिनी अक्षर लिहिण्याची पद्धत आहे. प्रत्येक मताला एक रेघ. त्या अक्षराचा उच्चार ‘झंग’ आणि अर्थ ‘सरळ’, ‘योग्य’. मते मोजता मोजता फळाभर ‘योग्य, योग्य’ असे लिहिले जाते, पण निवड योग्य झाली की नाही, हे त्यावरून कळत नाही.

लोकशाही कोठे दिसते?

निवडणूक झाली म्हणजे लोकशाही आली काय, हा या चित्रपटाचा मध्यवर्ती प्रश्न. वर्गात मतदान झाले, मोजणीही उघडपणे झाली. मग उणीव कशाची होती?

उमेदवार शिक्षकांनी निवडले होते. कुणालाही उभे राहता आले नाही. मॉनिटरचे अधिकार काय आणि त्या अधिकारांना मर्यादा कोणत्या, हे ठरले नव्हते. मारहाण करणाऱ्याला जाब विचारण्याची, वर्षाच्या मध्येच त्याला पदावरून दूर करण्याची सोय नव्हती. प्रचाराचे नियम नव्हते. पोलिस अधिकाऱ्याच्या मुलापाशी रेल्वेची सफर घडवण्याची ताकद होती, एकट्या आईच्या मुलीपाशी ती नव्हती. एवढी विषमता कायम ठेवून एका मुलाला एक मत दिले, तेव्हा पूर्वीच बलवान असलेला उमेदवार अधिकच बलवान झाला. पूर्वी त्याला शिक्षकांनी नेमले होते, आता त्याला साऱ्या वर्गाची संमतीही मिळाली.

लोकशाही नागरिकशास्त्राच्या पुस्तकात व्याख्येपासून सुरू होते. या चित्रपटात ती उणिवांपासून सुरू होते. आचारसंहिता का हवी, खर्चाला मर्यादा का हवी, मत गुप्त का हवे, सत्तेला मुदत का हवी, विरोधकाला शांतपणे बोलू देण्याची हमी का हवी, ही कलमे मुलांनी पाठ करण्याऐवजी त्यांची गरज त्यांना स्वतःहून वाटू लागते. रडणाऱ्या त्या मुलीला पाहिल्यावर भाषणस्वातंत्र्यावर वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही.

‘चिनी स्वभाव’ नावाचा सापळा

मात्र याच टप्प्यावर शिक्षकाने सावध राहायला हवे. ‘आज्ञा पाळण्याची सवय जडलेल्या समाजाला बळकट नेताच हवा असतो’ हे विधान ऐकायला सोपे आणि सोयीस्कर आहे. इतिहास त्याला दुजोरा देत नाही.

चित्रपट ज्या वूहानमध्ये घडतो, त्याच शहराच्या वूछांग भागात १० ऑक्टोबर १९११ रोजी झालेल्या उठावातून चीनमधील दोन हजार वर्षांच्या साम्राज्यशाहीचा अंत झाला आणि १९१२ मध्ये प्रजासत्ताक स्थापन झाले. १९१९ च्या ‘चार मे’ चळवळीच्या काळात तरुण चिनी विचारवंतांनी ‘श्रीयुत लोकशाही’ आणि ‘श्रीयुत विज्ञान’ अशा दोन पाहुण्यांना देशात येण्याचे आवाहन केले होते. लोकशाहीसाठीचा चिनी शब्द ‘मिनझू’. त्याचाच इतिहास पाहण्याजोगा आहे. प्राचीन ग्रंथांत या शब्दाचा अर्थ ‘लोकांचा धनी’, म्हणजे राजा असा होता. एकोणिसाव्या शतकापासून तो ‘लोक हेच धनी’ या अर्थाने वापरला जाऊ लागला. अक्षरे तीच राहिली आणि धनीपण राजाकडून लोकांकडे आले. एव्हरग्रीन शाळेतील मुलांनी निवडलेला मॉनिटर यांपैकी कोणत्या अर्थाचा, असा प्रश्न वर्गाला टाकला, तर चर्चा तासभर चालते.

ग्रामपातळीवर चीनला मतपेटी अपरिचितही नाही. ग्रामसमित्यांच्या थेट निवडणुकांचा कायदा १९८७ मध्ये प्रायोगिक स्वरूपात आणि १९९८ मध्ये कायमस्वरूपी झाला. गावकऱ्यांनीच उमेदवार सुचवण्याच्या पद्धतीला ‘हायश्वान’ म्हणजे ‘सागरी निवड’ असे नाव पडले. पुढे हाच शब्द दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धांच्या प्राथमिक फेऱ्यांना चिकटला. २००५ मध्ये हुनान वाहिनीच्या ‘सुपर गर्ल’ स्पर्धेतील विजेतीला मोबाइल संदेशांद्वारे पस्तीस लाखांहून अधिक मते मिळाली. ग्रामसमित्यांच्या निवडणुकांवर पक्षाच्या स्थानिक शाखेचा वचक राहिला आणि कारभाराच्या प्रमुखाची थेट निवडणूक गावाच्या वर रुजली नाही, हेही तितकेच खरे. तेव्हा मतदानाची इच्छा नव्हती असे म्हणता येत नाही. वाट कोणी आणि कोठे अडवली, हा खरा प्रश्न आहे.

तैवानचे उदाहरण तर डोळ्यांपुढे आहे. भाषा, सण, कन्फ्यूशियसचा वारसा आणि कुटुंबपद्धती यांत मोठे साम्य असलेल्या या बेटावर १९८७ मध्ये लष्करी कायदा उठला, १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची पहिली थेट निवडणूक झाली आणि २००० मध्ये सत्ता शांततेने विरोधी पक्षाकडे गेली. संस्कृती एक आणि राज्यव्यवस्था दोन, हे समोर दिसत असताना संस्कृतीलाच दोष देणे टिकत नाही.

कॅमेरा तटस्थ नसतो

माहितीपट म्हणजे सत्य, अशी विद्यार्थ्यांची सर्वसाधारण समजूत असते. ती दूर करणे हाही या अभ्यासाचा भाग आहे. त्यासाठी चीनच्याच संदर्भात एक प्रसिद्ध दाखला आहे. इटलीचे दिग्दर्शक मिकेलांजेलो अंतोनिओनी यांना चीन सरकारने १९७२ मध्ये चित्रीकरणासाठी निमंत्रित केले. त्यांनी ‘चुंग क्वो’ हा प्रदीर्घ माहितीपट केला. रस्ते, बाजार, शाळा, सामान्य माणसांचे चेहरे असे त्याचे स्वरूप होते. १९७४ मध्ये ‘पीपल्स डेली’ने त्यावर कडाडून हल्ला चढवला. यांग्त्से नदीवरील नानजिंगचा भव्य पूल डळमळीत दिसावा असे कोन निवडले, हा आक्षेपांपैकी एक. तीन दशकांनी, २००४ मध्ये, बीजिंगमध्ये हा चित्रपट दाखवला गेला, तेव्हा तेथील प्रेक्षकांना त्यात आपले हरवलेले जुने दिवस दिसले. तीच दृश्ये एका पिढीला अपमानकारक वाटली आणि दुसऱ्या पिढीला जिव्हाळ्याची.

‘प्लीज व्होट फॉर मी’लाही ही कसोटी लावायला हवी. कॅमेरा नसता, तर पालक इतके ईर्ष्येला पेटले असते काय? अनेक दिवसांच्या चित्रीकरणातून तासाभराचा चित्रपट काढताना काय गाळले गेले? शेवटच्या प्रसंगाआधी भेटवस्तूंचे दृश्य ठेवले, म्हणून भेटींमुळेच विजय झाला असे वाटते काय? आणि सर्वांत अवघड प्रश्न मुलांच्या संमतीचा. आठव्या वर्षी ढाळलेले अश्रू जगभर पाहिले जावेत, हे कोणी ठरवले? ती मुले आज पंचविशी ओलांडून गेली आहेत, पडद्यावर मात्र ती तिसरीतच आहेत. लोकशाहीचा पाठ शिकताना त्या मुलांचाही विचार झाला पाहिजे.

कॅमेरा कोणाच्या हाती असावा, याचे वेगळे उत्तरही चीनमध्येच मिळाले होते. स्वतंत्र चिनी माहितीपटाचे अध्वर्यू मानले जाणारे वू वेनग्वांग यांनी २००५ मध्ये दहा गावकऱ्यांच्या हाती लहान डिजिटल कॅमेरे दिले आणि आपल्या गावाचा कारभार स्वतःच टिपायला सांगितले. त्याच वर्षी ग्वांगदोंग प्रांतातील तायशी गावाने आपल्या ग्रामप्रमुखाला पदावरून दूर करण्याची मोहीम उघडली आणि प्राध्यापिका आय शियाओमिंग यांनी ती चित्रित केली. असे चित्रपट दाखवण्याची जागा पुढे आक्रसत गेली. २०१४ मध्ये बीजिंगचा स्वतंत्र चित्रपट महोत्सव बंद पाडण्यात आला. हाँगकाँगच्या शाळांत २००९ पासून सक्तीचा असलेला आणि चालू घडामोडींवर चर्चा घडवणारा ‘लिबरल स्टडीज’ हा विषयही २०२१ पासून बदलण्यात आला. लोकशाहीविषयी वर्गात मोकळेपणाने बोलता येणे हीच एक राजकीय गोष्ट आहे, हे यातून कळते.

वर्गात कसा दाखवावा?

चित्रपट मँडरिन भाषेत आहे, तेव्हा उपशीर्षके वाचता येणाऱ्या वयोगटासाठीच तो योग्य. माध्यमिक शाळेच्या वरच्या इयत्तांपासून पदवी अभ्यासक्रमापर्यंत तो चालतो. एका बैठकीत दाखवून मोकळे होण्याऐवजी दोन तासिकांत, तीन ठिकाणी थांबत दाखवणे अधिक फलदायी.

पहिला थांबा निवडणूक जाहीर झाल्यावर. तुम्ही त्या वर्गात असता तर कोणते नियम मागितले असते, हे प्रत्येकाने कागदावर लिहावे. दुसरा थांबा मुलगी रडते त्या प्रसंगानंतर. येथे प्रश्न विचारण्याची घाई करू नये. मिनिटभराची शांतता पुरेशी असते. तिसरा थांबा मतमोजणीपूर्वी. आपण कोणाला मत दिले असते, हे विद्यार्थ्यांनी गुप्तपणे लिहून द्यावे. वर्गाची ही मतेही फळ्यावर मोजावीत. अनेकदा विद्यार्थ्यांना आपल्याच वर्गाचा कल पाहून आश्चर्य वाटते. दुसऱ्याच्या निवडीला हसणे मग तितके सोपे राहत नाही.

चित्रपट संपल्यावर फळ्यावर तीन रकाने आखावेत. पहिल्या रकान्यात जे खास चिनी वाटले ते लिहावे, दुसऱ्यात जे कोणत्याही निवडणुकीत घडते ते आणि तिसऱ्यात जे आठ वर्षांच्या कोणत्याही मुलाचे व त्याच्या पालकांचे असते ते. आरंभी पहिला रकाना भरभरून वाहतो. चर्चा पुढे सरकते, तशा त्यातील नोंदी एकेक करून शेजारच्या रकान्यांत जाऊ लागतात. पालकांची ईर्ष्या तिसऱ्या रकान्यात जाते. मतदारांना भेटी देणे दुसऱ्यात जाते. प्रतिस्पर्ध्याची टिंगल दोन्हींत जाते. शेवटी पहिल्या रकान्यात जे थोडे उरते, त्यात बानझांगचा अधिकार, एकुलतेपणाचा भार, सणाच्या भेटीमागील ऋणाची जाणीव अशा गोष्टी असतात. चीनविषयी शिकण्यासारखे नेमके तेवढे असते आणि ते पुरेसे समृद्ध असते.

मराठी वर्गाला हा आरसा

महाराष्ट्रातील अनेक शाळांत शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक होते. मॉनिटर तर प्रत्येकाच्या आठवणीतला. फळ्याच्या कोपऱ्यात ‘बोलणाऱ्यांची नावे’ लिहिणारा तो सवंगडी आणि वूहानचा बानझांग यांत फार अंतर नाही. आपल्याकडे मतदारांना भेटी वाटणे हा १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार भ्रष्ट मार्ग ठरतो, आदर्श आचारसंहिताही आहे. तरीही मतदानाच्या आदल्या रात्री काय चालते, हे मुलांना घरीदारी ऐकून ठाऊक असते. त्यामुळे भेटवस्तूंच्या प्रसंगावर मराठी वर्गात बहुधा हशा पिकेल. त्या हशाचे कारण विचारणे, हा पाठातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न ठरावा.

पाठाचा शेवट कृतीने व्हावा. विद्यार्थ्यांनी आपल्या वर्गासाठी एका पानाची निवडणूक संहिता तयार करावी. कोणाला उभे राहता येईल, प्रचारात काय चालेल, मॉनिटरला कोणते अधिकार असतील आणि तो चुकला तर त्याला कसे बदलता येईल, एवढे चार मुद्दे पुरेत. ती संहिता वर्गाने मतदानाने स्वीकारावी आणि त्या वर्षी खरोखर पाळावी. हरलेल्या उमेदवाराला दुसऱ्या दिवशी कोणती जबाबदारी द्यायची, हेही त्यात असावे. एव्हरग्रीन शाळेतील दोन हरलेली मुले निकालानंतर रडत होती आणि त्यांच्यासाठी वर्गापाशी कोणताच नियम नव्हता.